पहिल्या बाणाची तयारी: साध्या धनुष्याने शिकारीची नेमबाजी चाचणी कशी पास व्हायची

माझा पहिला बाण वर्तुळाच्या वरून गेला, डावीकडे. दुसरा खाली. पुढचे तीन मात्र मधोमध, एकमेकांना खेटून. वीस यार्डांवरून पाच बाण, नऊ इंचांचं वर्तुळ आणि पाचांतले चार आत, अशी अमेरिकेतल्या आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, अट होती. माझे तीनच आत होते. परीक्षकांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "शेवटचे तीन फार छान आहेत. पण हरणासमोर तुम्हाला पहिलाच बाण मिळणार आहे."

मी नापास झाले होते आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी रोज चाळीस-चाळीस बाण मारायचे आणि शेवटच्या दहा बाणांवरून स्वतःला पारखायचे. हात गरम झाल्यावर, अंदाज बसल्यावर, दोन-चार चुका मनातल्या मनात दुरुस्त केल्यावर जे बाण जातात ते माझं कौशल्य, असं मी धरून चालले होते. पुढच्या वेळी पास झाले, पण त्याआधी सरावाची सगळी घडीच मोडून नव्याने घालावी लागली. तीच घडी इथे पायरीपायरीने मांडते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे. ब्रिटनमध्येही 1981 च्या कायद्याने धनुष्याने शिकार करता येत नाही. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. इथे शिकार कायदेशीर आहे आणि उपनगरांतली हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी अनेक काउंट्या, उद्यानं आणि लष्करी तळ धनुर्धाऱ्यांना परवाने देतात. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी परवान्याआधी नेमबाजीची चाचणी असते. ज्यांना शिकार करायचीच नाही, नुसता साध्या धनुष्यावर नेम सुधारायचा आहे, त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

साधं धनुष्य म्हणजे रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) किंवा लाँगबो (लांब, साध्या बाकाचं). त्याला नेम धरायची खूण म्हणजे साइट नाही, तोल सांभाळणारी दांडी म्हणजे स्टॅबिलायझर नाही, चाकं नाहीत. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले तेव्हा आपण सगळ्यांनी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. पण त्यांच्या हातात कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, होतं. त्यात पूर्ण ओढल्यावर दोरीचं ओझं खूप हलकं होतं, भिंग लावलेली साइट असते आणि दोरी बोटांनी नव्हे तर रिलीजच्या यंत्राने सुटते. साध्या धनुष्यात शेवटच्या क्षणाला सगळ्यात जास्त ओझं बोटांवर असतं आणि नेम धरायला फक्त डोळा असतो. शाळेत असताना मी साताऱ्यात इंडियन राउंड खेळले आहे, बांबूच्या धनुष्यावर, 30 आणि 50 मीटरवर. तो अनुभव कामी आला, पण थोडाच. तिथे गुणांची बेरीज होते. एक बाण वाया गेला तर पुढच्यात भरून काढता येतो.

अट आधी वाचा, मग सराव ठरवा

प्रत्येक ठिकाणची चाचणी वेगळी असते. कुठे कागदी वर्तुळ असतं, कुठे फोमचं पूर्ण आकाराचं हरीण. कुठे अंतर सांगतात, कुठे ते तुम्हीच ओळखायचं. काही ठिकाणी साध्या धनुष्यवाल्यांना कंपाउंडपेक्षा कमी अंतर देतात. कुठे उंच मचाणावरून एक-दोन बाण मारावे लागतात. अर्ज भरण्याआधी फोन करून या गोष्टी विचारून घ्या: किती बाण, किती अंतर, बसून की उभं राहून, सरावाचे बाण मिळतात का, आणि ज्या धनुष्याने चाचणी दिली त्याच धनुष्याने शिकार करावी लागते का. धनुष्याच्या किमान वजनाचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा, नियमही राज्यागणिक वेगळा आहे. तोही त्याच वेळी बघून घ्या, कारण पुढची पायरी त्याच्यावर अवलंबून आहे.

धनुष्याचं वजन: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

माझ्याकडे आधी 50 पौंडांचं रिकर्व्ह होतं. दुकानात ते ओढता आलं म्हणून घेतलं. पण ओढता येणं वेगळं आणि ओढून तीन-चार सेकंद शांतपणे धरता येणं वेगळं. जड धनुष्यात शरीर लवकरात लवकर सुटका शोधतं. अँकरला, म्हणजे चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागी, हात पोचायच्या आत दोरी सुटते, खांदा कानाकडे चढतो, डावा हात आत कोसळतो. मग माणूस नेम सुधारायला जातो, आणि नेमात तर काही बिघडलेलंच नसतं.

क्लबमधल्या एका सत्तरीतल्या गृहस्थांनी मला सोपी कसोटी सांगितली. पूर्ण ओढा, अँकरला दहा सेकंद धरा, न सोडता सावकाश खाली आणा. असं पाच वेळा. पाचव्या वेळी हात थरथरला तर ते धनुष्य अजून तुमचं नाही. माझा हात दुसऱ्याच वेळी थरथरला. त्यांनी मला 35 पौंडांच्या जुन्या लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, वापरायला दिल्या. त्यावर तीन महिने काढले आणि मग 42 वर आले. रिकर्व्ह घ्यायचं असेल तर लिंब सुटे होणारं, म्हणजे टेकडाउन, घ्या. लिंब बदलून वजन वाढवत नेता येतं.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की लिंबवर लिहिलेलं वजन 28 इंच ओढीवरचं असतं (ओढ म्हणजे पूर्ण ताणल्यावर दोरी धनुष्यापासून किती मागे येते ते अंतर). ओढ एक इंच कमी झाली की साधारण दोन ते तीन पौंड कमी होतात. दोन्ही हात पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि अडीचने भागा, ओढीचा ढोबळ आकडा मिळतो. माझी ओढ 26 इंच आहे. म्हणजे 45 लिहिलेलं धनुष्य माझ्या हातात चाळीसच्या आसपास येतं. किमान वजनाचा नियम असलेल्या ठिकाणी हा फरक तुम्हाला नियमाबाहेर टाकू शकतो. क्लबमध्ये साखळीचा वजनकाटा असतो, त्यावर आपल्या ओढीला प्रत्यक्ष मोजून घ्या.

जुळणी: बाण आणि धनुष्य एकमेकांना मानवले पाहिजेत

धनुष्याची दोरी नेहमी स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) लावूनच चढवा, पायात अडकवून लिंब पिळू नका. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका, लिंब तडकते. कार्बनचा बाण असेल तर प्रत्येक वेळी सोडण्याआधी हलका वाकवून आणि बोट फिरवून तडा आहे का बघा. तडकलेला कार्बन सुटताना फुटतो आणि हातात घुसतो. हे एवढं रोजचं.

मग ब्रेस हाइट, म्हणजे दोरी आणि मुठीच्या खोलगट भागातलं अंतर. रिकर्व्हला साधारण साडेसात ते साडेआठ इंच, लाँगबोला सहा ते सात. धनुष्य बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत राहून दोरीला थोडे थोडे पीळ द्या आणि ऐका. ज्या उंचीवर धनुष्याचा आवाज सगळ्यात कमी आणि हाताला झटका सगळ्यात हलका, ती तुमची. ती वहीत लिहून ठेवा आणि दर वेळी दोरी चढवल्यावर तपासा.

नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायची खूण. शेल्फवरून, म्हणजे मुठीच्या वरच्या कडेवर बाण टेकवून, मारत असाल तर दोरीशी होणाऱ्या काटकोनापेक्षा अर्धा ते पाऊण इंच वर सुरुवात करा. तीनही बोटं बाणाखाली ठेवत असाल तर थोडी आणखी वर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाणाचा ताठपणा. त्याला स्पाइन म्हणतात. साध्या धनुष्यात बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती थोडी बाजूला सरकते आणि बाण मुठीला वळसा घालून वाकत वाकत पुढे जातो. 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे वाकणं टिपलं. बाण फार ताठ असेल तर पुरेसा वाकत नाही, फार लवचीक असेल तर जास्त वाकतो. दोन्हीत तुमचा काही दोष नसताना बाण बाजूला जातो, आणि तुम्ही महिनोन्महिने स्वतःचा हात दुरुस्त करत बसता.

तपासायची रीत अशी. तीन बाणांची पिसं राहू द्या, दोन बाणांची पिसं काढून टाका. पंधरा यार्डांवरून सगळे मारा, चार-पाच फेऱ्या. पिसं नसलेले बाण कुठे जातात ते बघा. तुम्ही उजव्या हाताचे असाल आणि बोडके बाण डावीकडे पडत असतील, तर बाण ताठ आहे. टोक जड करा किंवा लांब बाण घ्या. उजवीकडे पडत असतील तर बाण लवचीक आहे. टोक हलकं करा किंवा बाण पाव-पाव इंच कापत जा. डाव्या हाताच्यांनी हे उलटं वाचायचं. बोडका बाण खाली पडत असेल तर नॉकिंग पॉइंट खूप वर आहे, तो जरा उतरवा. वर पडत असेल तर चढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि हे सगळं हात ताजा असतानाच करा. थकलेल्या हाताने केलेली जुळणी दुसऱ्या दिवशी खोटी ठरते.

बाणाच्या वजनाबाबत माझं मत ठाम आहे: जड बाण घ्या. धनुष्याच्या दर पौंडाला नऊ ते दहा ग्रेन (बाण तोलायचं बारीक एकक), म्हणजे 40 पौंडांना 360 ते 400 ग्रेन. वेग थोडा कमी होतो, पण धनुष्य शांत राहतं आणि प्राण्याच्या अंगात बाण खोल जातो.

चार यार्डांवर, डोळे मिटून

चाचणीला आठ आठवडे असतील तर पहिले दोन आठवडे निशाणा लावूच नका. चार यार्डांवर मोठा रिकामा बट, म्हणजे बाण रुतायचा गठ्ठा, ठेवा. त्यावर ना वर्तुळ, ना ठिपका. बाण लावा, ओढा, डोळे मिटा, सोडा. रोज वीस-पंचवीस बाण पुरेत. मला हे सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटलं. आज माझ्या सरावातला तोच भाग मी कधी चुकवत नाही.

डोळे मिटल्यावर शरीर कुठे काय करतं ते कळायला लागतं. खालून वर असं लक्ष फिरवा. पाय खांद्याइतके रुंद. मूठ घट्ट नको, धनुष्य अंगठ्याच्या मुळाच्या गादीवर नुसतं टेकलेलं, बोटं सैल. दोरी बोटांच्या टोकांवर नको, पहिल्या पेराच्या सांध्यात खोल अडकवा. टोकांवर धरली तर दोरी घसरत सुटते, खोल धरली तर बोटं सैल होताच स्वच्छ निघून जाते. डावा खांदा खाली. उजवं कोपर मागे जाऊन बाणाच्या रेषेत. शेवटचे दोन इंच हाताने नाही, पाठीने ओढायचे. दोन खांद्यांच्या पाती एकमेकींजवळ येतात तशी जाणीव व्हायला हवी.

आणि अँकर. म्हणजे ओढून हात चेहऱ्यावर जिथे टेकतो ती जागा. माझं मधलं बोट ओठाच्या कोपऱ्यात, अंगठ्याचं हाड जबड्यामागे, आणि बाणाचं पीस नाकाच्या शेंड्याला हलकं लागलेलं. असे दोन-तीन स्पर्श असू द्या, एकावर विसंबू नका. याचं कारण हिशेबात आहे. 28 इंचांच्या बाणाचं मागचं टोक पाव इंच खाली-वर झालं, तर वीस यार्डांवर, म्हणजे 720 इंचांवर, बाण जवळजवळ साडेसहा इंच चुकतो. नऊ इंचांच्या वर्तुळाचा अर्धा भाग साडेचार इंच. म्हणजे गालावरचा पाव इंच तुम्हाला नापास करायला पुरेसा आहे. माझा पहिला बाण वर गेला होता तो नेमका याच कारणाने. तोंड थोडं उघडं होतं, त्यामुळे बोट ओठाच्या कोपऱ्यात बसलं तरी हात खाली राहिला. दातांवर दात ठेवणं हा माझ्या क्रमातला तेव्हापासून एक मुद्दा आहे.

दोरी सुटल्यावर उजवा हात मानेच्या बाजूने मागे सरकतो आणि डावा हात निशाण्याकडेच राहतो. बाण लागल्याचा आवाज ऐकेपर्यंत दोन्ही तिथेच. बाण बघायला मान वळवली की डावा हात खाली येतो. ते सोडण्याच्या आधीच घडायला लागतं आणि कळतही नाही.

नेम: अंदाजाला आकडा द्या

साध्या धनुष्यवाल्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक म्हणतो फक्त निशाण्याकडे बघा, हात आपोआप जातो. दुसरा म्हणतो बाणाचं टोक कुठे दिसतंय ते ओळखून नेम धरा. पहिल्या पंथाबद्दल मला आदर आहे. लहानपणापासून रोज धनुष्य हातात असलेल्यांना ते जमतं. पण तारीख ठरलेली चाचणी द्यायची असेल आणि आठवड्यातून चार दिवसच सराव होत असेल, तर मी दुसरी पद्धतच सुचवेन. कारण त्यात चूक झाली तर कारण सापडतं.

आपले आकडे असे काढा. मोठ्या बटच्या खालच्या भागात एक ठिपका लावा. दहा यार्डांवरून बाणाचं टोक बरोबर त्या ठिपक्यावर ठेवून सहा बाण मारा. बाण ठिपक्याच्या वर लागतील. किती इंच वर, ते मोजा. मग पंधरा, वीस, पंचवीस यार्डांवरून तसंच. तीनही बोटं बाणाखाली आणि मधलं बोट ओठाच्या कोपऱ्यात, अशा माझ्या पद्धतीत माझे आकडे आले: दहावर 14 इंच, पंधरावर साडेसतरा, वीसवर 18, पंचवीसवर 15. पस्तीसच्या आसपास टोक ठेवलं तिथेच बाण लागतो. तुमचे आकडे वेगळे येतील. अँकर, बाणाची लांबी, वेग बदलला की ते बदलतात, त्यामुळे दुसऱ्याचे घेऊ नका.

हे आकडे पाहून मला जो धीर आला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. पंधरा आणि वीस यार्डांत फरक फक्त अर्ध्या इंचाचा! म्हणजे बावीसच्या आत अंतर ओळखण्यात तीन-चार यार्डांची चूक झाली तरी टोक निशाण्याच्या साधारण अठरा इंच खाली धरलं की बाण वर्तुळात जातो. याच कारणाने मी स्वतःसाठी वीस यार्डांची हद्द घातली आहे. पंचवीसच्या पुढे आकडा भराभर बदलतो आणि तिथे अंतराची चूक म्हणजे जखमी जनावर.

नजर मात्र टोकावर नको. नजर निशाण्यावर, टोक खाली अंधूक दिसतं तेवढं पुरे. वर्तुळाकडे बघू नका, वर्तुळातला एखादा डाग, सुरकुती, जुन्या बाणाचं भोक शोधा. फोमच्या हरणावर ठिपका नसतो म्हणून बरेच जण अख्ख्या हरणाकडे बघतात आणि बाण पोटात जातो. पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर जा, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात थांबा, तिथली एखादी सावली पकडा. हृदय आणि फुप्फुसं तिथे आहेत. पांढऱ्या शेपटीच्या हरणात ही जागा जेमतेम आठ ते दहा इंचांची असते, कागदी थाळीएवढी.

रोजचा एक बाण

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या आठवड्यापासून मी हे सुरू केलं आणि मी पास झाले ते याच्यामुळे.

सकाळी कामावर जाण्याआधी परसात जायचं. ऊन-पाऊस-थंडी असेल तसं, अंगावर असतील त्या कपड्यांत. हात गरम करायचा नाही, एकदाही ओढून बघायचं नाही. वीस यार्डांवर नऊ इंचांची कागदी थाळी. एकच बाण. लागला तर वहीत बरोबरची खूण, चुकला तर कुठे गेला त्याची टिकली. धनुष्य आत ठेवायचं. दुसरा बाण मारून मनाचं समाधान करून घ्यायचं नाही. ते समाधान फार महाग पडतं, कारण मग डोकं पहिल्या बाणाला गंभीरपणे घेत नाही. (परसात सराव करायला तुमच्या गावात परवानगी आहे का ते आधी तपासा, आणि बटमागे भक्कम आडोसा असू द्या. परवानगी नसेल तर रेंजवर पोचल्यावरचा पहिला बाण मोजा.)

माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात सातपैकी तीन होते. वाईट वाटलं. चाळीस बाणांच्या सरावात मी दहापैकी आठ मारत होते आणि थंड हाताने निम्मेही नाही. पण टिकल्या बघितल्यावर उलगडलं: चुकलेले सगळे बाण वर किंवा डावीकडे. हात गरम नसताना तो अँकरच्या किंचित खाली राहत होता आणि मी मूठ घट्ट धरत होते. मग बाण लावण्याआधी म्हणायचा एक क्रम ठरवला: "मूठ सैल, दात, कोपर, ठिपका." चार शब्द, मनातल्या मनात, रोज त्याच क्रमाने. तुमचे शब्द तुमच्या चुकांवरून ठरवा. पाचव्या आठवड्यात सातपैकी सहा झाले. सलग दोन आठवडे सातपैकी सहा आल्याशिवाय चाचणीची तारीख घेऊ नये, असं मी आता सगळ्यांना सांगते.

संध्याकाळचा सराव वेगळा. तीन किंवा चार बाणांच्या फेऱ्या, एकूण तीस-पस्तीसच्या वर नाही. थकल्यावर मारलेला प्रत्येक बाण चुकीचं वळण लावतो. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पूर्ण सुट्टी. खांद्याच्या आत दुखायला लागलं तर थांबा, ते दुखणं सरावाने जात नाही, वाढतं.

दोरी आपोआप सुटायला लागली तर

टोक निशाण्यावर येताच बोटं उघडतात, अँकरच्या आधीच. किंवा टोक खाली अडकून राहतं आणि निशाण्यावर जातच नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि अनुभवी माणसांनाही ते होतं. यात इच्छाशक्ती कमी पडते असं मुळीच नाही. मेंदूने निशाणा दिसणं आणि सोडणं या दोन गोष्टींची गाठ बांधलेली असते. ती सोडवायला चार यार्डांच्या रिकाम्या बटकडे परत जा. मग मोठ्या थाळीवर नेम धरा, पाच सेकंद थांबा आणि न सोडता खाली आणा. तीन वेळा खाली आणायचं, चौथ्यांदा सोडायचं. पीस नाकाला लागल्याशिवाय सोडायचंच नाही असा नियम केला की बोटांना डोळ्यांऐवजी दुसरा इशारा मिळतो. आठवडे लागतात. चाचणी पुढे ढकलावी लागली तरी चालेल.

चाचणीसारखा सराव

शेवटचे तीन आठवडे चाचणीची नक्कल करा. गुडघा टेकून मारा, खुर्चीवर बसून मारा, खालची लिंब मांडीला किंवा जमिनीला लागत नाही ना ते बघा. शिकारीचं जाड जॅकेट घालून मारा. दोरी बाहीला घासली तर बाण भलतीकडे जातो, त्यासाठी डाव्या हातावर लांब आर्म गार्ड (बाही दाबून ठेवणारा पट्टा) बांधा. हातमोजे वापरणार असाल तर आजपासूनच वापरा.

मचाण असेल तर कंबरेतून वाका, हात खाली करू नका. आधी सरळ समोर ओढा, खांदे आणि बाण यांचा काटकोन तसाच ठेवून मग कंबरेतून खाली झुका. उंचीमुळे अंतर फार बदलेल अशी भीती असते, पण वीस फूट उंचीवरून वीस यार्ड दूरच्या निशाण्यापर्यंतची तिरकी रेषा एकवीस यार्डांचीच भरते. बाण वर जातात ते अंतरामुळे कमी आणि मोडलेल्या काटकोनामुळे जास्त. मचाणावर सुरक्षेचा पट्टा बांधल्याशिवाय चढू नका, सरावालासुद्धा.

अंतर ओळखायची सवय चालता चालता होते. रस्त्यातलं झाड, विजेचा खांब, उभी गाडी, किती यार्ड ते आधी म्हणा आणि मग पावलं मोजा. माझं मोठं पाऊल जवळजवळ एक यार्डाचं आहे, तुमचं मोजून ठेवा.

एक विचार मला नेहमी जवळच्या अंतराकडे खेचतो. सेकंदाला 170 फूट वेगाचा बाण वीस यार्ड जायला एका सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून थोडा जास्त वेळ घेतो. दोरीचा आवाज त्याच्या किती तरी आधी हरणाच्या कानावर पोचतो. सावध हरीण तेवढ्यात अंग खाली दाबून उडी घेऊ शकतं. म्हणून निश्चिंत, मान खाली घालून चरणारं, आडवं किंवा किंचित पाठमोरं हरीण, आणि तेही जवळ. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात एकट्याने बाहेर आलेला, 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा ईशी याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरांना धनुष्याची शिकार शिकवली. अमेरिकेतली आजची धनुष्य-शिकार बऱ्याच अंशी त्या मैत्रीतून वाढली. त्याचं बळ दूरवर बाण फेकण्यात नव्हतं, जनावराच्या अगदी जवळ पोचण्यात होतं.

चाचणीच्या दिवशी

आदल्या दिवशी काहीही बदलू नका. नवी दोरी नको, नवे बाण नकोत. ब्रेस हाइट मोजा, पिसं बघा, टोकं घट्ट करा. सुटी दोरी आणि दुसरा टॅब (बोटांना दोरीपासून वाचवणारा तुकडा) पिशवीत टाका. सकाळी परसातला एक बाण मारायचा असेल तर मारा, पण एकच. मी त्या दिवशी मारला नव्हता, कारण मला तो तिथेच मारायचा होता.

रेषेवर उभं राहिल्यावर शेजारच्याचे बाण बघू नका. कंपाउंडवाले भराभर मध्यात मारतात आणि आपल्यालाही घाई होते. श्वास सोडा, क्रम म्हणा, ओढा. अँकरला गेल्यावर काही खटकलं तर खाली आणा. खाली आणायला सहसा दंड नसतो, आणि परीक्षक त्याकडे चांगल्या नजरेने बघतात. एक बाण चुकला तर त्याचं कारण एका शब्दात ओळखा, "दात" किंवा "मूठ", आणि पुढचा बाण नवा समजा. चुकलेल्या बाणाच्या उलट दिशेला मुद्दाम नेम धरू नका. मी पहिल्या वेळी दुसरा बाण खाली घातला तो असाच.

दुसऱ्या वेळी माझा पहिला बाण मध्यापासून दोन इंचांवर लागला. पाचही आत होते.

पास झाल्याचं कार्ड मिळाल्यावर

चाचणी बहुतेक ठिकाणी साध्या टोकांवर होते आणि शिकार पात्याच्या टोकांवर. दोन्हींचं वजन सारखं असलं तरी पातं वाऱ्याला धरतं आणि जुळणीतली बारीक चूक मोठी करून दाखवतं. म्हणून जंगलात जाण्याआधी त्याच वजनाची पाती लावून फोमच्या बटवर पंधरा आणि वीस यार्डांवरून मारून बघा. साध्या टोकांच्या बाणांपासून ते दोन इंचांहून जास्त बाजूला जात असतील तर पुन्हा बोडक्या बाणांकडे जा आणि जुळणी तपासा. सरावात वापरलेलं पातं बोथट होतं. ते पुन्हा धार लावून, ताणलेला रबरबँड नुसत्या स्पर्शाने तुटेल इतकं झाल्याशिवाय भात्यात ठेवू नका. आणि वहीतला रोजचा एक बाण हंगाम संपेपर्यंत चालू ठेवा. ज्या आठवड्यात सातपैकी पाचच्या खाली जाल, त्या आठवड्यात मचाणावर बसू नका.